सलाईनची बाटली

आईचा ताप उतरेना म्हणून तिला कर्जतच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तर खाट मिळाली व्हरांड्यात. डॉक्टर कधी येणार, कुणालाच माहीत नव्हतं. नर्सनं सलाईन लावलं, पण स्टँड नव्हता, म्हणून वडील बाटली हातात धरून उभे राहिले.

तेवढ्यात चुलत्यांनी मोबाईल पुढं केला. देशाचे एक मोठे नेते समुद्रकिनारी सुट्टीवर गेले होते, त्यांचा फोटो होता.

"काडेपेटीवर बी टॅक्स भरतो आपून, आन हितं बाटली अडकवायला खिळा न्हाई! ह्यो बघा, पाय पसरून बसलाय."

वडील त्या नेत्याचे कट्टर समर्थक. "माणूस हाय त्यो बी! दमत न्हाई व्हय?" म्हणत त्यांनी हात नाचवला, तोही बाटलीचाच. बाटली खाली आली आणि नळीत आईचं रक्त चढलं. मी ओरडले. त्यांनी बाटली उचलली आणि पुन्हा तेच. पुन्हा रक्त, पुन्हा माझं ओरडणं. दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटत होती मला.

शेवटी आईनंच डोळे उघडले.

"अवो," ती कशीबशी म्हणाली, "त्यो दमू द्या, न्हाईतर झोपू द्या. तुमचा हात तेवढा दमू देऊ नका."