दोन डाव्या बाह्या

माझा दादा माप कधी लिहून ठेवत नाही. टेप गळ्यात, आकडा डोक्यात. गिऱ्हाईक एकदा त्याच्यासमोर उभं राहिलं की पाठीचा बाक, पोटाची वाढ, सगळं त्याच्याकडे जमा. लोक त्याला मास्तर म्हणतात, आणि लिहून ठेवा म्हटलं की मास्तर चिडतात. "लिहिलं की डोकं आळशी होतं," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी त्याची धाकटी बहीण. दुकानात काजं करते, आणि जित्याची खोड काय असते ते जन्मभर जवळून पाहते आहे.

म्हणूनच त्या कोटाचा धक्का मोठा बसला. कापड जेमतेम होतं, म्हणून दादाने बाह्या एकेरी कापडावर एकामागून एक कापल्या. दुसऱ्या बाहीच्या वेळी कागदी नमुना पालथा ठेवायचा असतो, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. दादा विसरला. शिवायला घेतल्यावर कळलं, दोन्ही बाह्या डाव्या. गिऱ्हाईक हसलं, मीही हसले. दादा दोन्ही बाह्या हातात धरून नुसता बघत राहिला, काय चुकलंय तेच त्याला कळेना. तेव्हा माझं हसू आटलं.

मग एकाचं माप दुसऱ्याच्या कोटात जाऊ लागलं. दुकान आता माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा बघतो. त्याने दादाची मोठी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि धार लावायला दिली आहे असं सांगितलं. दादा कटिंगच्या टेबलाशी बसून चिंध्यांच्या घड्या घालू लागला. मी भाच्याशी बोलणं टाकलं. चूक त्याची नव्हती, म्हणून तर जास्तच चिडले होते.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आठवणीचा आजार, नुकताच सुरू झालेला. त्यांनी एक गोळी लिहून दिली. ही नक्की काय करते, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या बोटातलं शिवणाचं अंगुस्तान पाहिलं आणि म्हणाल्या, "मेंदूतल्या पेशींवर रिसेप्टर असतात. ती काजं समजा. निरोप आणणारं रसायन हे बटण. यांच्याकडे बटणं कमी पडताहेत. आहेत ती बटणं ही गोळी लवकर गळू देत नाही, आणि काजंही थोडी तरतरीत करते."

"नवी बटणं नाही लावत?" दादाने विचारलं.

"नाही. आजार पुढे जाणारच. पण काही काळ कोट अंगावर नीट राहील, अशी आशा आहे."

दादाला पटलं. मला नाही. मेंदूची काजं कोणी पाहिलीत?

सुरुवातीला तर त्याला नुसती मळमळ. शिवाय स्वप्नं अशी पडायची की बिनडोक्याची गिऱ्हाइकं ओळीने उभी राहून ट्रायल मागताहेत. मी गोळ्या फेकायलाच निघाले होते. डॉक्टरीणबाईंनी गोळी कमी केली, मग हळूहळू वाढवली, तेव्हा त्याच्या पोटाला मानवली. तेवढ्यात शेजारणीला बातमी लागली. साखर मागायला यावं तशी आली. "मलाही दोन द्या. चष्मा कुठे ठेवते तेच आठवत नाही."

"चांगल्या मेंदूला ती आणखी हुशार करत नाही म्हणे," मी म्हटलं.

"यांचा चांगला आहे असं कोण म्हणालं?" कोपऱ्यातून दादा.

शेजारीण फुगून गेली. मी मात्र सुई खाली ठेवली. किती दिवसांनी त्याने कोणाची तरी खोडी काढली होती. त्यानंतर मी त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. आदल्या दिवशी आलेल्या माणसाच्या कोटाला आतला खिसा हवा होता, हे त्याने न विचारता भाच्याला सांगितलं. मग मीच भाच्याकडे गेले. "कात्री दे."

"आत्या, पुन्हा चुकले तर ते त्या टेबलापाशी कधी येणार नाहीत," तो म्हणाला. त्याचं खरं होतं. तरी मी हात पुढे करून उभी राहिले.

शेवटी त्याने कापड आणलं, स्वतःच्या कोटासाठी. मोठ्या चौकडीचं. चौकडी जुळवायची तर कापड दुहेरी घालता येत नाही, बाह्या एकेरीच कापाव्या लागतात.

"मुद्दाम आणलंस," मी म्हटलं.

"मुद्दामच. बिघडला तर माझा बिघडेल."

दादाने संध्याकाळी त्याचं माप घेतलं. लिहिलं नाही. सकाळी भाच्याने धार लावून आली म्हणत मोठी कात्री त्याच्यापुढे ठेवली. दादाने कापड पसरलं, खडू उचलला, आणि एकदाही न विचारता पाठ आखली, पुढचे भाग आखले. भाचा स्वतःचे आकडे मनात जुळवत मागे उभा होता. त्याची मान प्रत्येक रेघेला होकाराने हलत होती. डावी बाही कापून झाली. दादाने नमुना उचलला आणि तो थांबला. खूप वेळ थांबला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, मी ओठ दातांत धरले.

दादाने नमुना पालथा केला. चौकडी जुळवली. खडूची रेघ सरळ खाली आली आणि कात्री चालायला लागली. मी रडले, लपवलं नाही.

बटणं सोडून शिवून झालेला कोट भाच्याच्या अंगावर असा बसला की कॉलर मानेला चिकटून. आरशासमोर तो तीनदा वळला. मग कात्री पुसून त्याने टेबलावर ठेवली, जिथे ती पूर्वी असायची तिथेच. "धार चांगली लावलीये ना, बाबा?"

दादाने बोट फिरवून पाहिलं. "धार होती तशीच आहे. ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवल्यावर कुठून लागेल?"

भाच्याचा चेहरा पडला. "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं, विसरलो, परत आठवलं," दादा म्हणाला. "आता बटणं आत्याकडे दे, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत पाठव."