रँक चाळीस

बबलगमच्या पाकिटातून निघालेल्या एका पैलवानापायी माझी बायको दीड महिना माहेरी राहिली. भांडण नव्हतं, आजारपण नव्हतं. मी नियमाने हरलो, आणि तो नियम मीच केला होता.

लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. मी कडा गावच्या शाळेत गणित शिकवायचो. (गणित! हे लक्षात असू द्या.) सासुरवाडी दिंद्रुडची. आषाढात धोंड्याचा महिना आला आणि जावयाला जेवायला बोलावणं आलं. महानंदा आठवडाभर आधीच गेली होती. त्या आठवड्यात मी तीनदा खिचडी करपवली, चौथ्यांदा तिच्यात मीठ घालायचं विसरलो. खिचडीचं निमित्त, खरं म्हणजे तिच्याशिवाय घर खायला उठायचं. म्हणून मी ठरवूनच गेलो होतो, की जेवायचं आणि चारच्या एसटीने बायकोला घेऊन निघायचं.

सासऱ्यांच्या मनात वेगळंच होतं. "आता आलीच हाय तर पंचमी करूनच धाडतो. पुन्यांदा न्यायचं-आणायचं कावून?"

नागपंचमी दीड महिन्यावर होती. आता, सासऱ्यांपुढे बायकोसाठी हट्ट धरणं जावयाला शोभत नाही. मी मान खाली घालून पुरणाचे धोंडे खात राहिलो. (अकरा खाल्ले. दुःखात माझी भूक वाढते.)

सासऱ्यांचं किराणा दुकान. त्या दिवसांत एक नवं बबलगम निघालं होतं आणि त्याच्या प्रत्येक पाकिटात एका परदेशी पैलवानाच्या चित्राचा पत्ता असायचा. त्यावर उंची, वजन, छाती आणि रँक. खेळ सोपा. प्रत्येकाने आपला एक पत्ता काढायचा, एकाने "वजन" म्हणून पुकारायचं, ज्याचं जास्त तो दोन्ही पत्ते घेणार. रँकचं मात्र उलटं. तिथे एक नंबर सगळ्यांत भारी. ज्याचे पत्ते आधी संपतील तो हरला. खेळ पोरांचा, पण ह्या घरात तो थोरांनीच धरला होता. पत्त्यांसाठी फोडलेलं बबलगम वाया जाऊ नये म्हणून सासूबाई ते जेवणानंतर बडीशेपेसारखं वाटायच्या. सासऱ्यांची कवळी त्यात दोनदा निघून आली होती.

माझा मेहुणा मन्मथ बी. कॉम. होऊन दुकानात बसायचा. त्याने तोड काढली. "दाजी, एक डाव खेळा आप्पांसंगं. जितलात तर अक्काला न्या. हारलात तर पंचमी."

मी मनातल्या मनात हसलो. माझ्या खिशात वर्गात जप्त केलेल्या पत्त्यांचा गठ्ठा होता (मास्तरकीचे फायदे) आणि त्यात चक्क रँक एकवाला होता.

पहिल्याच हाताला मी तो काढला आणि "रँक" म्हणालो. सासऱ्यांनी चाळीसवाला टाकला. हा चाळीसवाला ढेरपोट्या घरात ढिगाने होता. त्याला कुणी विचारत नव्हतं.

"चाळीस," सासरे म्हणाले. "माझा हात."

"मामा, रँकमध्ये एक मोठा असतो."

"चाळीस किलोपरीस एक किलो जास्त म्हणलो तर गिऱ्हाईक कानफाडंल मला. ह्या घरात चाळीस मोठे."

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. नियम बदलला, तो हात मात्र मोजायचा नाही असं ठरलं. मी गणिताचा मास्तर, लगेच हिशेब केला. महानंदा दाराशी बसली होती. तिने एक चाळीसवाला आपल्या डगमगत्या पाटाखाली टेकू म्हणून ठेवला होता.

"तो मला दे," मी म्हणालो. "हा एकवाला घे."

तिने माझ्याकडे टक लावून बघितलं. "खरंच देता?"

"घे गं."

तिने पत्ता पदराच्या गाठीला बांधला. आपण काय हुशार आहोत, असं मला फार वाटलं.

मी चाळीसवाला काढून "रँक" म्हणालो आणि हात जिंकला. सासरे पत्ता द्यायला निघाले, तोच सासूबाई आडव्या आल्या. "जावयाला रिकाम्या हातानं देत्यात का?" मग ताट आलं. मला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, कुंकू लावलं, सुपारीसकट पत्ता हातात दिला. दुसरा हात जिंकलो, पुन्हा ताट. तासाभरात मी तीन पत्ते मिळवले आणि कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत उतरलं.

चौथा हात सासरे जिंकले. मी पत्ता पुढे केला, तर ते मागे सरकले. "लेक दिली त्या घरचं मी पानीबी पेत न्हाई. पत्ता कसा घिऊ?"

म्हणजे मी हरू शकत नव्हतो! आनंद क्षणभरच टिकला, कारण सासऱ्यांकडे अजून सत्तावन्न पत्ते होते आणि प्रत्येकाला एक ताट. घड्याळात साडेतीन वाजले होते. सासूबाई सुपाऱ्या संपल्या म्हणून दुकानात गेल्या होत्या. माझं डोकं फिरलं.

"बास! घरचे सगळे नियम रद्द. पाकिटावर छापलेत तेवढेच नियम. आणि शेवटचा एकच हात."

सासऱ्यांनी थोडा विचार केला. "तुमचा शब्द मान्य. पर नियम रद्द झाला तरी रीत रद्द होत न्हाई. माझ्या बदली महानंदा खेळंल. नवऱ्याकडून घ्यायला तिला कुणाची आडकाठी हाय?"

मला हर्षाच्या उकळ्या फुटल्या. माझी बायको माझ्याविरुद्ध! ती मुद्दाम हरणार, हे काय सांगायला हवं? मी ऐटीत म्हणालो, "तूच पुकार."

तिने पदराची गाठ सोडली. "रँक."

"चाळीस!" तासाभराच्या सवयीने मी पत्ता आपटला.

तिने एकवाला अलगद त्याच्या शेजारी ठेवला. मन्मथने पाकीट उलटं करून मोठ्याने वाचलं, "रँकमध्ये सर्वांत लहान आकडा विजयी." मग त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाकीट घडी घालून खिशात ठेवलं.

मी महानंदाला दाराआड गाठलं. "तुला यायचं नव्हतं का?"

"यायचं तर हाय की. पर लग्नाआधीपासून आप्पा पंचमीला माझ्यासाठी झोका बांधतेत. गेल्या साली ऱ्हायलाच." तिचे डोळे भरून आले होते. "आन एक नंबरचा पत्ता कुणी असा देतं का? वर घरचे नियमबी तुमीच रद्द केलाव. मला वाटलं, तुमीच मुद्दाम देलाव. ऱ्हा म्हणून."

खरं बोलायची ती वेळ नव्हती. "हो," मी म्हणालो, "मुद्दामच दिला."

ही बातमी घरभर झाली. असा मोठ्या मनाचा जावई गल्लीत दुसरा नाही, असं म्हणत सासऱ्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. मी तेहतीस अनारसे, नाकापर्यंतचं कुंकू आणि मोठं मन घेऊन एकटाच एसटीत बसलो. वाटेत खायला म्हणून सासूबाईंनी बबलगम दिलं होतं. माजलगाव आल्यावर ते फोडलं, तर आतून निघाला चाळीसवाला.

त्याला टाकवेना. कड्याला पोचल्यावर आम्ही दोघांनी मिळून खिचडी करपवली.