धाकटा घुमट

हल्ली लोक आगगाडीतून थेट रोममध्ये उतरतात. आमच्या वेळी रोम आधी दिसायचं, मग यायचं. आणि ते दाखवायचा मान गाडीवानाचा.

माझे सासरे सेत्तिमिओ फ्लोरेन्सहून प्रवासी आणायचे. बहुतेक परदेशी चित्रकार, मांडीवर रंगांच्या पेट्या घेऊन बसलेले. बाक्कानोची चढण संपली की मामंजी खेचरं थांबवत, चाबूक लांब धरत आणि म्हणत, "ते पाहा, रोम." दूर माळाच्या कडेला सान पिएत्रोचा, पोपच्या चर्चचा घुमट, नखाएवढा. माणसं टोप्या काढत, कुणी रडतही. मामंजी मिशीवरून हात फिरवत, जणू घुमट यांनीच बांधलाय.

पुढे त्यांची नजर मंदावली. घरात तो विषय काढायची सोय नव्हती. माझा नवरा नांदो एकदा म्हणाला, "दिसत नसेल तर घरी बसा आता," तर जेवणावरून उठून गेले.

एका वसंतात मी वितेर्बोहून, माहेराहून, त्यांच्याच गाडीने परतत होते. चढण संपली, चाबूक उठला. "ते पाहा, रोम." एका जर्मन चित्रकाराने टोपी छातीशी धरली. डोळे भरून आले बिचाऱ्याचे. मी पाहिलं, तर चाबूक मेंढपाळाच्या गवती खोपटावर रोखलेला. घुमट पार डावीकडे, धुरकट हवेत.

मागे बसलेली चीजवाली म्हणाली, "अहो गाडीवानबुवा, त्यात मेंढ्या राहतात. पोप नाही."

गाडीत हशा पिकला.

"तो धाकटा घुमट," मामंजी म्हणाले. "थोरला पुढे दाखवतो."

लोक आणखी हसले. मामंजींनी चाबूक खाली घेतला आणि खेचरं हाकली.

तबेल्यात म्हणाले, "सूनबाई, नांदोला सांगणार तू?"

"सांगावं लागेल, मामंजी. वाटेत दरी आहे."

"हं." ते खेचराची मान चोळत राहिले. "गाडी त्याला घे म्हणावं. पण रोम मी दाखवणार. तो मेला कांदे विकल्यासारखं सांगेल."

नांदोने ते मानलं. पुढे बाप-लेक शेजारी बसू लागले. चढण संपली की नांदो हळूच त्यांचं मनगट धरून घुमटाकडे वळवी, आणि मामंजी घसा साफ करत. प्रवाशांना वाटे, रोम दाखवताना वडिलांचा हात धरायची यांच्यात रीतच असावी.