मुक्याचं फाटक

आमच्या ऑडलफर्ड गावात नदीकाठानं बंधाऱ्याकडे जायला एकच पायवाट, आणि तिच्या तोंडाशीच ते फाटक. अर्धगोल कुंपणात झुलणारं, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. गाई अडतात, माणसं जातात. पुढे गेलेल्यानं फाटक धरून ठेवायचं आणि मागच्याकडून मुका वसूल केल्याखेरीज सोडायचं नाही, ही जुनी रीत. म्हणून ते मुक्याचं फाटक. गावातली निम्मी लग्नं तिथेच जमली, आणि निम्मी भांडणंही.

विल्फ्रेड टकवेलचं लग्न तिथेच जमलं. शेतांच्या बांधावरची जिवंत कुंपणं वाकवून विणायची, हा विल्फचा जन्मभराचा धंदा. बोलायला मात्र महाकंजूष. त्याच्या वाट्याचंही त्याची बायको नेस्टा बोलून टाकते. लग्न झाल्यापासून दर रविवारी चर्च सुटलं की दोघं बंधाऱ्यापर्यंत जायची आणि तिथल्या जुन्या वाळुंजाच्या झाडाखाली बसून चीजची सँडविचेस खायची. फाटक नेहमी नेस्टा धरायची. विल्फचे कान दरवेळी लाल व्हायचे, आणि समोरच माझी चहाची टपरी असल्यामुळे ते मला फुकटात बघायला मिळायचे.

काही वर्षांमागे मॉड प्रिवेटनं ग्रामसभेत विषय काढला. तिच्या जुळ्या नातवंडांची गाडी फाटकातून जात नव्हती, तर ते काढून रुंद बसवा म्हणे. सभेत कधी खोकलाही न काढणारा विल्फ ताडकन उठला. "माझ्या मढ्यावरून न्या ते फाटक!" टाळ्या पडल्या, मॉड हरली. तेव्हापासून ती त्याला 'फाटकवाला' म्हणू लागली.

मग गेल्या शरदात नेस्टाचा खुबा मोडला आणि ती चाकांच्या खुर्चीत आली. खुर्ची काही फाटकातून जाईना. विल्फनं तिरकी करून पाहिली, मागून रेटून पाहिली, शेवटी तिच्यासकट उचलायला गेला.

"अरे, मी बायको आहे की सोफा?" नेस्टा ओरडली.

त्यानंतर दर रविवारी तो तिला फाटकापर्यंत आणायचा, पायांवर घोंगडी घालायचा. ती त्याला हट्टानं पुढे पिटाळायची. "जा, एकानं तरी बघून यावं." तो जायचा, परत यायचा.

"काय पाहिलंस?"

"पाणी."

"वाहत होतं का?"

"हो."

"आणि आपलं झाड?"

"आहे तसंच."

"तुझ्याऐवजी कुत्रा पाठवायला हवा होता. निदान ओला तरी होऊन आला असता!"

ती हसायची खरी, पण तो गेला की नदीच्या वळणाकडे टक लावून बसायची. मी दिलेला चहा हातात तसाच गार व्हायचा. मला ते बघवत नसे. तिची वाट अडली होती, आणि ती अडवणारं फाटक तिच्या नवऱ्यानंच राखलं होतं.

एप्रिलच्या ग्रामसभेत विल्फ पुन्हा उठला.

"आला फाटकवाला," मॉड पुटपुटली.

"ते फाटक काढा. रुंद बसवा. माझं चुकलं होतं." एवढं बोलून तो खाली बसला.

"आणि तुझ्या मढ्याचं काय झालं रे?" मॉडनं विचारलं.

"ते खुर्ची ढकलतंय."

सभेला हसू आवरेना. मॉडही डोळे पुसत हसली, आणि पहिला हात तिनंच वर केला.

नवं फाटक विल्फनं स्वतः ओकच्या लाकडाचं केलं. मे महिन्यातल्या एका रविवारी चर्चमधून निम्मं गाव तडक तिथे आलं. नेस्टा आपल्या हातांनी चाकं फिरवत आरामात पार झाली, वळली, आणि तिनं धाडकन फाटक लावून घेतलं.

"चल, काढ."

"अगं, हे तसलं फाटक नाही."

"फाटक नसेल. मी तसलीच आहे."

विल्फचे कान बीटासारखे झाले. त्यानं वाकून देणं चुकतं केलं.

"आटपा रे, मागे रांग लागलीय!" मॉड ओरडली.

टपरीला कुलूप घालून, केक घेऊन मीही त्यांच्याबरोबर निघाले. वळण सरलं, बंधारा दिसला, आणि नेस्टानं एकदम चाकं धरली. वाळुंज आडवं पडलं होतं. जानेवारीतल्या वादळात पडलं ते. आता खोडावर हिरवे कोंब चांगले हातभर वाढले होते. गावाला हे केव्हाचं ठाऊक होतं. विल्फनं तिला सांगितलंच असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

विल्फ तोंडाचा आ करून उभा. "हे कधी पडलं?" त्यानं मलाच विचारलं.

नेस्टानं सावकाश मान वळवली. "विल्फ, तू दर रविवारी जात कुठे होतास?"

"वळणापर्यंत," तो बुटांकडे बघत म्हणाला. "तिथे कुंपणाआड बसायचो जरा वेळ. एकट्यानं काय बघायचं?"

नेस्टानं त्याचा लाल कान धरून त्याला खाली ओढलं, आणि या खेपेला फाटकाची वाट पाहिली नाही.