ओली बंडी

उत्तर सीमेवरच्या एका फील्ड हॉस्पिटलला माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी कॅप्टन होते. ईशा, अर्णव, तुम्हाला आजी म्हणजे नांदेडच्या घरात घड्याळ लावून गोळ्या घेणारी बाई एवढंच माहीत आहे. त्याआधी मी सैन्यात नर्सिंग ऑफिसर होते. त्या नोकरीतला एक दिवस मी तुमच्या बाबांनाही पूर्ण सांगितलेला नाही.

पुढच्या आठवड्यात तुम्ही हिमाचलला बर्फ बघायला चालला आहात. सिंगापूरला वाढलेल्या मुलांना थंडी म्हणजे मॉलमधला एसी. तुमच्या आईचा फोन आला, "आई, आठ दिवसांसाठी महागाचे कपडे कशाला? तुम्हीच तिकडून बघता का?" बघते म्हणाले. शनिवारी बाबा येऊन बॅग नेतील. हा कागद बॅगेत सगळ्यात वर ठेवते. कपडे घालण्याआधी वाचा.

आमचं हॉस्पिटल म्हणजे चार मोठे तंबू, दोन पत्र्याच्या शेड आणि रॉकेलवर चालणाऱ्या बुखाऱ्या, म्हणजे तंबू गरम ठेवणाऱ्या शेगड्या. ०५३० ला चहा, ०६०० ला वॉर्डचा राउंड. वरच्या पोस्टकडे कोणतीही तुकडी निघाली, की तिची तपासणी माझ्याकडे. पाय, हातमोजे आणि अंगाला लागून असलेला कपडा, या तीन गोष्टी मी हाताने बघायचे. नियम एकच होता: अंगाला लागून सुती काही नको. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. चालताना ते कळत नाही. माणूस थांबला, की तेच ओलं कापड अंगातली ऊब काढून घेतं.

माझ्या हाताखाली नर्सिंग असिस्टंट होता, नाईक व्यंकट; नाईक हा त्याचा हुद्दा. अहमदपूरच्या पुढच्या एका खेड्यातला, घरी शेती. माझं माहेर लातूर. हिंदी बोलणाऱ्या त्या सगळ्या माणसांत आम्ही दोघंच मराठी. इंजेक्शनचा ट्रे हातात देता देता तो हळूच म्हणायचा, "मॅडम, आत्ता आपल्याकडं हुरड्याचे दिस असतील." मी म्हणायचे, "व्यंकट, ट्रेकडे लक्ष." तो म्हणायचा, "हाव, ट्रेकडंच हाय. मन तेवढं ज्वारीत गेलं व्हतं."

त्या दिवशी सकाळी ०५५० ला वरच्या पोस्टवरून निरोप आला. एका जवानाला श्वास घेता येत नव्हता, ओठ निळे पडले होते. ढगांमुळे हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. सुभेदार साहेबांबरोबर पाच जणांनी ऑक्सिजन घेऊन वर चढायचं आणि त्याला स्ट्रेचरवरून खाली आणायचं, असं ठरलं. त्या पाचांत व्यंकट होता. निघायची वेळ ०६३०.

तपासणीत त्याच्या पार्काची, म्हणजे वरच्या जाड कोटाची, चेन उघडली, वूलन इनर वर केला. आत बंडी होती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून, आपल्याकडे वाकळीला घालतात तसे बारीक टाके घातलेली. एक थर हिरवा, एक आमसुली.

"व्यंकट, हे काय?"

"बंडी हाय, मॅडम. कालच्या टपालानं आली. मायनं धाडलीय."

"सुती आहे."

"हाव."

"मग? तू स्वतः बाकीच्यांना शिकवतोस ना?"

"शिकवतो की. पर मायला कोन शिकवावं? थंडी लई हाय म्हनून तिनं सहा थर घातलेत. आमच्याकडं स्वेटर म्हंजे पाहुन्याला दाखवायची चीज." मग हसणं थांबवून तो म्हणाला, "आजच्या दिस राहू द्या. तिनं लिवलंय, घालून बघ अन् कळव."

माझ्या पेटीत माझ्या आईने दिलेली वाकळ होती. घड्याळात ०६२५ झाले होते. बाहेर सुभेदार साहेब नावं पुकारत होते.

मी म्हणाले, "आल्यावर काढून माझ्याकडे जमा करायची."

"हाव, मॅडम."

मी तपासणीच्या फॉर्मवर त्याच्या नावापुढे सही केली.

ते १०४० ला पोस्टवर पोचले. ऑक्सिजन लागला. ११३० ला स्ट्रेचर घेऊन उतरायला निघाले. १३१० ला रेडिओवर निरोप आला. वाटेवर बर्फाचा कडा घसरला होता, रस्ता बंद. खालून माणसं जाऊन वाट करेपर्यंत त्यांना उघड्यावर थांबावं लागणार होतं. वारा सुटला होता. मी सेटजवळ जाऊन बसले. बोलणं हिंदीत होतं, इथे मराठीत लिहिते.

१४२० ला सुभेदार साहेब म्हणाले, "बेस, पेशंट ठीक. नाईक व्यंकट नीट बोलत नाही. शब्द अडखळतात. ओव्हर."

"कापतोय का? ओव्हर."

"मघाशी खूप कापत होता. आता थांबलं. बरं वाटतंय म्हणतो. ओव्हर."

बाहेरच्या माणसाला वाटेल, कापणं थांबलं म्हणजे बरं झालं. तसं नसतं. अंग कापून कापून ऊब तयार करतं. ते थांबलं, म्हणजे अंगाने हात टेकले.

"त्याचे आतले कपडे ओले आहेत. सगळे काढा. कोरडा इनर घाला, स्लीपिंग बॅगमध्ये घाला, एक माणूस त्याला चिकटून झोपवा. लगेच. ओव्हर."

दोन मिनिटं काही आलं नाही. मग, "मॅडम, तो आतली बंडी काढू देत नाही. दोन्ही हातांनी धरून बसलाय. ओव्हर."

"सेट त्याच्या कानाला लावा."

रेडिओवर मराठी बोलायची परवानगी नव्हती. मी बोलले. "व्यंकट, मी बोलतेय. बंडी काढ. ऑर्डर आहे."

वाऱ्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हाव, मॅडम."

त्यानंतर त्याने धरलेली बोटं सोडली, असं सुभेदार साहेबांनी मला नंतर सांगितलं.

१७३५ ला त्यांनी त्याला आणलं. आम्ही १९२० पर्यंत प्रयत्न केले. मग डॉक्टरांनी वेळ सांगितली आणि मी ती लिहिली. स्ट्रेचरवरचा जवान वाचला.

चौकशीत कडा घसरल्याचं, वाऱ्याचं, थांबावं लागल्याचं आलं. बंडीचंही आलं. मी माझी सही दाखवली. मला समज देण्यात आली. कमांडिंग ऑफिसर म्हणाले, बंडी नसती तरी सांगता आलं नसतं. ते खरं असेल. पण बंडी मी बुखारीशेजारी वाळत घातली होती. तिला वाळायला दोन दिवस लागले.

सुट्टीत मी ती घेऊन त्याच्या गावी गेले. लातूरहून चाकूरमार्गे अहमदपूरपर्यंत एसटी, पुढे जीप. त्याची माय ओसरीवर बसून शिवत होती. मी नाव सांगितलं. तिने पाणी दिलं, माझ्या हातातली बंडी घेतली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"अंगात व्हती का माझ्या लेकराच्या?"

"होती."

"मंग थंडी वाजली नसंल त्याला."

"नाही वाजली," मी म्हणाले. हे मी वाटेत ठरवून आले होते. तिच्याजवळ एवढंच उरलं होतं, ते कशाला काढून घ्यायचं?

ती म्हणाली, "बरं झालं. आमच्या गावची आनखी दोघं भरती झालीत. त्यायलाबी शिवून राहिले. ह्ये बघा." मांडीवरचं कापड तिने उचलून दाखवलं. तेसुद्धा लुगड्याचंच होतं, सहा थरांचं.

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"आई, मी खोटं बोलले," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. घाम, ओलं कापड, वारा. शेवटी सांगितलं की मला हे माहीत होतं आणि तरी मी त्याला जाऊ दिलं.

तिने मांडीवरचं कापड चाचपलं. मग तिने विचारलं, "मंजी ह्याच्यानंच का?"

"ह्याच्यानं आणि माझ्या सहीनं."

तिने सुईतला दोरा ओढून काढला. सुई पदराला टोचली. अर्धं शिवलेलं कापड घडी घालून बाजूला सारलं.

"तुमी खोटंच ऱ्हाऊ दिलं असतं तर म्या ही दोन्ही धाडली असती," ती म्हणाली. रडली ती त्यानंतर. मी निघताना तिने व्यंकटची बंडी माझ्या पिशवीत घातली. "मला न्हाई बघवायची. तुमी न्या. दुसऱ्याच्या लेकरायला दाखवा."

मी दाखवली. उरलेल्या नोकरीत वर येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीसमोर सकाळी ती पाण्यात बुडवायची, पिळून दोरीवर टाकायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातात फिरवायची. ती तेव्हाही ओली असायची. व्याख्यान द्यावं लागायचं नाही. मी फक्त त्याचं नाव सांगायचे.

आता तुमची बॅग. इथे हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडून सगळं घेतलं. महाग काही नाही. दोघांना दोन-दोन थर्मल, सुती नाहीत, मी स्वेटरवाल्यासमोर उलटे करून लेबलं वाचली. तो म्हणाला, "मावशी, पोरं हिमालय सर करायला चाललीत का?" एकेक पातळ स्वेटर, एकेक जाड. लोकरीचे मोजे तीन जोड. दोन एकदम घालू नका, पायाला घट्ट होतात. कानटोप्या तुम्हाला आवडणार नाहीत, तरी घाला. एक थर्मल नेहमी कोरडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बाबांच्या पाठीवर. कुठेही चालून थांबलात, की गळ्यातून हात घालून आतला कपडा चाचपायचा. ओला लागला तर तिथेच बदलायचा. फोटो नंतर.

आणि कुणी कितीही मायेने काही शिवून दिलं, अगदी मी दिलं, तरी आधी ते ओलं झाल्यावर काय करतं ते विचारा.

काल सकाळी बॅग भरून झाल्यावर मी ती बंडी काढली. रिटायर झाल्यापासून तिला पाणी लावलं नव्हतं. बादलीत बुडवली, पिळली, गच्चीवरच्या दोरीवर टाकली आणि घड्याळ बघितलं. ११००. नांदेडचं ऊन, हिवाळ्यातलंसुद्धा, तुम्हाला माहीत आहे. जेवून दोन वाजता वर गेले तर ती कोरडी ठणठणीत होती, आणि गरम. सहाही थर. हात लावला तर नुकतीच कुणाच्या अंगातून काढल्यासारखी.

त्याच्या मायने आयुष्यभर हेच ऊन बघितलं होतं. इथे तिची बंडी अगदी बरोबर होती.

नाईक व्यंकट. बर्फात उतराल तेव्हा एकदा त्याचं नाव घ्या.