पायाळूच्या बायकोचा घोटा

मी जन्मताना आधी पाय बाहेर काढले. त्यापायी आईचे जे हाल झाले त्याबद्दल मी आजही मनातल्या मनात तिची माफी मागतो. लोकांना मात्र त्याचं भारी कौतुक. उलटं जन्मलेलं मूल म्हणजे पायाळू, आणि पायाळूने पाय लावला की भरलेली उसण, लचकलेली कंबर मोकळी होते, असं आमच्याकडे मानतात. अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगमध्ये डॉक्टर नव्हता, पण पायाळू होता आणि तो फुकट होता.

रविवारी सकाळी लोक येत, भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि मी त्यांच्या कमरेत लाथ घालत असे. थोरामोठ्यांना लाथ मारल्याचं पाप नको, म्हणून लगेच वाकून नमस्कारही करायचो. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातले एक सिंधी कापडवाले तर स्कूटरवरून येत. "साईं, जोर से मारो, शरमाओ मत," म्हणत आणि लाथ व नमस्कार दोन्ही घेऊन खूश होऊन जात.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास माझं लग्न झालं. बायको खो-खो खेळलेली, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली. दोन महिन्यांतच तिला बदलापूरच्या एका शाळेतून बोलावणं आलं. मुलाखतीला मैदानावर मुलींचा तास घेऊन दाखवायचा होता. ही नोकरी मिळाली तर ती रोज मैदानात जाणार आणि नाही मिळाली तर आई तिला पापड लाटायला बसवणार, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

मुलाखतीला तीन आठवडे असताना ती सकाळी पळायला गेली आणि मांडवाच्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात तिचा उजवा पाय गेला. आमच्याकडे उत्सव संपला की मांडव नेतात, खड्डे ठेवून जातात. माझ्या खांद्यावर हात टाकून ती घरी आली तेव्हा घोट्याची बाहेरची बाजू बटाटेवड्याएवढी फुगली होती.

तिने स्वतःच बोटांनी घोट्याची दोन्ही हाडं मागून दाबून पाहिली, उठून चार पावलं टाकली. "हाड दुखत नाहीये, वजनही पेलतंय," ती मला हळूच म्हणाली. "नाहीतर एक्स-रे काढावा लागला असता. हाडं बांधून ठेवणारा पट्टा ताणलाय. बर्फ आणा, पट्टी आणा. आणि कुणाला चोळू देऊ नका."

एवढ्यात आई गरम तेलाची वाटी घेऊन आली. तिच्यामागे शेजारच्या काकू आणि त्यांच्यामागे निम्मा मजला.

"बर्फ?" आई म्हणाली. "सांधा धरेल कायमचा! घरात पायाळू असताना हे कसलं शहाणपण? अरे, बघतोस काय? लाव पाय."

मी बायकोकडे पाहिलं. दोन महिन्यांची सून सासूला चारचौघांत नाही कशी म्हणणार? आणि मी तिशीला आलो तरी आईला कधीच नाही म्हटलं नव्हतं.

"आई, आधी ह्यांचा पाय लागू दे," बायको गरीब चेहऱ्याने म्हणाली. "तेलाचं नंतर बघू." तिने दोन्ही पायांवर चादर ओढली, आत काहीतरी हालचाल केली आणि एक पाय पुढे सरकवून मला डोळ्यांनी खुणावलं. डावा! धडधाकट पाय!

मी चादरीवरून लाथ मारली.

"आई गं!" ती अशी ओरडली की मलाच घाम फुटला.

"बरोबर शिरेवर बसली!" काकू म्हणाल्या.

आणि मी सवयीप्रमाणे वाकून नमस्कार केला. बायकोला. अख्ख्या मजल्यासमोर.

"मेल्या, बायकोच्या पाया काय पडतोस!" आई कडाडली. पण बायकोने "आई, खरंच हलकं वाटतंय, तेल नको आता," असं सांगितल्यावर तिने वाटी उचलली.

पुढचे दोन-तीन दिवस मी सरबतवाल्याकडून जेवणाच्या डब्यात बर्फ आणत होतो. बायको मोरीचं दार लावून फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावायची, मग पट्टी बांधून पाय उशीवर ठेवायची. आईने डबा उघडला तर, या भीतीने मी तो स्वतःच धुवून ठेवायचो. सूज उतरल्यावर ती पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवू लागली. पुढे पोळ्या लाटताना एका पायावर उभी राहू लागली. "एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो," ती म्हणाली. "त्याला तोल शिकवावा लागतो."

"बगळ्यासारखी काय उभी राहतेस?" आई विचारायची.

"दुसरा पाय दमलाय, आई."

मुलाखतीच्या दिवशी मी शाळेच्या कुंपणाबाहेर उभा होतो. मुली रांगेत, खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि संस्थेचे जाडजूड अध्यक्ष.

"बाई, खांबावरचं वळण दाखवा की," अध्यक्ष म्हणाले. "खो-खोची खरी गंमत तिथंच."

पळत जाऊन खांब धरायचा आणि एका पायावर गर्रकन फिरायचं. मी कुंपण घट्ट धरलं. काहीही करून दाखव, असं मला वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

"आज नाही दाखवणार, सर," ती म्हणाली. "तीन आठवड्यांपूर्वी घोटा मुरगळलाय. आज वळले तर पुन्हा जाईल."

"मग शिकवणार काय?"

"तुमच्या मुलींचे घोटे शाबूत कसे ठेवायचे ते. सगळ्यांनी एका पायावर उभं राहा. डोळे मिटा. सर, तुम्हीपण."

मुली डुलल्या, खिदळल्या. मुख्याध्यापक झटक्यात दोन पायांवर आले. अध्यक्ष तिरके होत गेले आणि त्यांनी खांबालाच मिठी मारली. तिने त्यांना सोडलं नाही. "पुन्हा, सर. गुडघा जरा वाकवा."

तिसऱ्या खेपेला ते उभे राहिले. "वळायला किती दिवस लागतील?" त्यांनी खांबाला धरूनच विचारलं.

"अजून महिना तरी."

ते मुख्याध्यापकांकडे वळले. "सोमवारपासून येऊ दे यांना. पोरी महिनाभर बगळे झाल्या तरी चालतील."

ती फाटकाबाहेर आल्यावर मला राहवेना. "आईला मी आज सगळं सांगून टाकतो," मी म्हणालो. "बर्फाचं, डाव्या पायाचं, सगळं."

"नोकरी लागली तेवढंच सांगा," ती म्हणाली. "एका दिवसाला त्यांना तेवढं पुरे."