दसऱ्याला सुरू न झालेली गाडी

"ह्यांनी गाडीचे साधे पॉइंट साफ केले नव्हते, म्हणून माझ्या आईचं तोंड मला शेवटचं दिसलं नाही," असं माझी बायको आल्यागेल्याला सांगायची. माझ्यासमोर सांगायची. मी मान खाली घालून चहा प्यायचो. आता ती नाही, तेव्हा त्या दिवसाचं खरं काय ते लिहून टाकतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही सोलापुरात सात रस्ता चौकाच्या मागं राहायचो आणि मी सुताची दलाली करायचो. एक जुनी काळी गाडी घेतली होती, दोन मालकांनी वापरून सोडलेली. बायकोचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी बोलणाऱ्या गावात. तिथं एष्टी दिवसातून एकदाच, तीही संध्याकाळी मुक्कामाला. त्यामुळं गाडीचा आनंद माझ्याहून तिलाच जास्त. "आता मनात येईल तेव्हा अव्वाला भेटता येईल," म्हणाली होती. अव्वा म्हणजे तिची आई.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. त्या वर्षी तिनं गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, मला बॉनेट उघडायला लावून आत इंजिनाला विभूती आणि कुंकू लावलं. नारळ फोडला आणि त्याचं पाणी मनोभावे शिंपडलं. पूजेला बसलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. गाडी माळ घालून दारात उभी राहिली.

दसऱ्याला सकाळीच तिचा चुलतभाऊ दारात. एका मालट्रकमधून आला होता, ट्रक पुढं निघूनही गेला होता.

"अव्वा हेंग अदाळ?" हिनं विचारलं. अव्वा कशी आहे?

त्यानं उत्तर दिलं ते माझ्याकडं बघून. "काय खरं न्हाय, दाजी. सारखी हिलाच हाका मारती. लगेच निघा."

ती नेसत्या साडीनिशी मागच्या सीटवर जाऊन बसली. मी किल्ली फिरवली. सेल्फ खणखणीत फिरला, इंजिन काही पेटेना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. बॅटरी नवी कोरी. दिवे लावले तर लख्ख, हॉर्न दाबला तर अख्खी गल्ली दचकली. अरे, मग घोडं अडलंय कुठं? नळी सोडून बघितली, पेट्रोल येत होतं. चोक ओढला, सोडला. शेजाऱ्यांनी धक्का मारत सात रस्त्यापर्यंत नेली आणि तशीच परत आणली. ढिम्म! सणामुळं गॅरेजं बंद. टॅक्सीवाल्यांच्या गाड्याही माळा घालून उभ्या. पूजा झाल्याशिवाय एकजण हलायला तयार होईना.

मी प्लग काढले, घासले, परत बसवले. ऊन चढत चाललं. ही गाडीतून उतरेना. थोड्या थोड्या वेळानं काचेतून डोकं काढून विचारायची, "झालं का हो?" शेवटी मी खेकसलो, "झालं की सांगतो ना! मी काय इथं गोट्या खेळतोय?" त्यानंतर तिनं विचारणंच सोडलं. ते जास्त वाईट होतं.

मग डोकं थंड करून एकेक गोष्ट क्रमानं बघितली. प्लगची वायर लोखंडाजवळ धरली, चुलतभावाला किल्ली फिरवायला सांगितलं. ठिणगी नाही. ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलवरून येणारी मधली वायर धरली, तर निळी कडक ठिणगी पडली. म्हणजे वीज कॉइलपर्यंत ठणठणीत होती, पुढं प्लगपर्यंत पोचत नव्हती. मधे राहिला तो प्लगांना वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर. त्याची काळी टोपी उघडली. खालचे पॉइंट, वीज जोडणारे-तोडणारे, स्वच्छ होते.

आत ओल. चिकट, आणि कडेला कुंकवाचा लाल ओघळ. बोट नाकाशी नेलं. नारळाचं पाणी होतं. टोपीला केसाएवढी चीर होती, तिच्यातून झिरपलं होतं.

बॉनेट वर होतं, म्हणून मी तिला दिसत नव्हतो. देवा रे, हे हिला कुठल्या तोंडानं सांगू? खिशातला रुमाल काढून टोपी आतून पुसली, उन्हात धरली, पुन्हा पुसली, बसवली. तोवर दुपार कलली होती. पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली.

"काय झालं होतं?" तिनं विचारलं.

"पॉइंट काळे पडले होते. माझंच चुकलं, वेळेवर साफ करायला हवे होते."

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, कपाळाला विभूती लावून. माती पडेपर्यंत माणूस समोर बसल्यासारखाच दिसतो. दिवस मावळताना आम्ही पोचलो तेव्हा माती पडली होती. तिचा भाऊ हात चोळत पुढं आला. "लई वाट बघितली, दाजी. विधी करणारे अय्या म्हणाले, आता थांबता येत न्हाय." ही ओल्या मातीशी बसली आणि दोन्ही हातांनी उकरायला लागली. आम्हाला तिला धरून मागं ओढावं लागलं. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती उकरत होती.

येताना ती माझ्या गाडीत बसली नाही. अव्वाचे दिवस झाल्यावर एष्टीनं आली आणि उंबरठ्यातच म्हणाली, "तुमचे पॉइंट!" पुढं वर्षभर तेच. मलाही राग यायचा, मी काही साधू नव्हे. एकदा तर खरं सांगून टाकायचं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

पुढच्या खंडेनवमीला तिनं गाडीला माळ घातली, नारळ फोडला आणि पाणी सगळं तुळशीत ओतलं.

"इंजिनावर नाही शिंपडायचं?" मी विचारलं.

"नको." ती सुरीनं खोबरं सोडवत राहिली. मग वर न बघताच म्हणाली, "त्या दिवशीचा तुमचा रुमाल मीच धुतला. मुंग्या लागल्या होत्या त्याला. कुंकू काही निघालं नाही."

मी विचारलं, "अगं, मग वर्षभर मला का बोलत होतीस?"

"मग कुणाला बोलू?" असं म्हणून ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारीण सोनं द्यायला आली. तिच्या हातात चहाचा कप देत ही सांगायला लागली, "ह्यांनी गाडीचे साधे पॉइंट साफ केले नव्हते..." बोलता बोलता तिनं माझ्याकडं बघितलं.

"हो, माझंच चुकलं," मी म्हणालो.